कॅमेऱ्याशेजारची जागा

प्रेम डोळ्यांत दिसतं, असं सिनेमावाले शंभर वर्षं सांगत आले. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, बिस्किटांच्या कारखान्यामागच्या एका शेडमध्ये, ऋजुता सबनीस मात्र ते कानाच्या पाळीत शोधत होती. २०४१ सालचा फेब्रुवारी उजाडला तरी ते तिला सापडलं नव्हतं.

शेड म्हणजे जुने चित्रपट दुरुस्त करायची प्रयोगशाळा. जगभरातली फाटकी, आंबट वास सुटलेली रिळं कोल्हापुरात यायची आणि न्हाऊन-माखून परत जायची. ऋजुता छप्पन्न वर्षांची होती आणि त्यातली अठ्ठावीस तिने हेच केलं होतं. या वेळचं गिऱ्हाईक कॅलिफोर्नियाचं होतं आणि त्याला चित्रपट दुरुस्त करून नको होता. त्याला त्यातली केमिस्ट्री काढून हवी होती.

झालं होतं असं, की तोवर निम्म्या चित्रपटांतले नट संगणकात तयार व्हायला लागले होते. चेहरे देखणे, अश्रू अगदी वेळेवर. पण अशा दोघांना प्रेमात पाडलं की प्रेक्षक जांभया द्यायचे. काहीतरी कमी पडत होतं आणि काय ते कुणाला सांगता येत नव्हतं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की ज्या जोडीला जग शंभर वर्षं मिटक्या मारत बघतंय, तिच्यातूनच ते काढून का घेऊ नये?

चित्रपट होता १९३८चा, ‘उसनी छत्री’. नोरा विटलॉक ही श्रीमंताची फटकळ मुलगी, क्लेटन मार्श हा छत्र्या दुरुस्त करणारा. दोघं दीड तास भांडतात. शेवटी रेल्वेच्या हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या कचेरीत तो तिच्याकडे बघतो आणि म्हणतो, “छत्री तुमचीच आहे, बाई. ती धरणाराही तुमचाच, दावा केलात तर.” ते बघणं इतकं खरं होतं, की प्रेक्षकांच्या तीन पिढ्यांनी ठरवूनच टाकलं होतं, या दोघांचं नक्की काहीतरी होतं.

“मॅडम, दोघांच्या काळजाचे ठोके काढायचे,” प्रयोगशाळेचे मालक संग्राम इंगवले म्हणाले. वय चौतीस, उत्साह चौदाचा. “आणि त्यांच्या त्या नव्या पोरापोरीला विरजण म्हणून लावायचे. नाद खुळा आयडिया हाय का न्हाई?”

“आणि दही लागलंच नाही तर?”

“तर ते त्यांचं दूध. आपन काय करनार?”

ठोके काढणाऱ्या यंत्राला लांबलचक इंग्रजी नाव होतं. पण ते नाडी बघायचं, म्हणून सगळे त्याला वैद्यबुवा म्हणत. त्याचं तत्त्व साधं होतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर कातडीखाली रक्ताची एक लाट येते आणि चेहऱ्याचा उजळपणा शंभरातल्या एका भागाहूनही कमी असा बदलतो. शिवाय मानेतून रक्त वर उसळताना डोकं केसभर हलतं. आपल्या डोळ्यांना यातलं काही कळत नाही, पण कॅमेरा ते टिपून बसलेला असतो. जुन्या फिल्मवर ते चंदेरी कणांच्या गर्दीत बुडालेलं असतं इतकंच. आता या कणांना काही शिस्त नसते, नाडीला असते. म्हणून कपाळ, मान, कानाची पाळी असे हजारो ठिपके घेऊन त्यांची सरासरी काढली, की कण एकमेकांना खोडून काढतात आणि नाडी तेवढी उरते. दोन माणसं खरोखर एकमेकांत गुंतली, की त्यांचे ठोके नकळत सोबतीने चढतात-उतरतात. गिऱ्हाइकाला हव्या होत्या त्या या दोन रेघा.

क्लेटनची रेघ सुरेख आली. क्लोज-अपमध्ये, म्हणजे एकट्याचा चेहरा पडदाभर असताना, तो नोराचं वाक्य ऐकतो तिथे त्याची नाडी अडुसष्टवरून त्र्याण्णववर उडी मारत होती. दर वेळी, कापून टाकलेल्या रिळांतसुद्धा.

नोराची रेघ मात्र सपाट होती. चुंबन असो, भांडण असो, सत्तर म्हणजे सत्तर. बाई आतून भाजी निवडत बसल्यासारखी शांत होती.

ऋजुताने यंत्र तीनदा तपासलं. मग त्या सपाट रेघेकडे बघत ती बराच वेळ बसून राहिली. धक्का वगैरे बसला नव्हता. ओळखीचं माणूस दिसल्यासारखं वाटलं होतं.

घरी सारंग होता. तिचा नवरा. त्याला पार्किन्सन्स होऊन सात वर्षं झाली होती. हातांचा थरकाप औषधांनी बराच आटोक्यात होता, पण चेहरा गेला होता. स्नायू आखडत गेले आणि हसू, राग, कंटाळा, सगळं एकाच कोऱ्या चेहऱ्याखाली गडप झालं. डॉक्टर त्याला मुखवटा म्हणायचे. एकेकाळी हा माणूस पुलांची तपासणी करणारा सरकारी इंजिनिअर होता आणि सोसायटीच्या गणपतीत नकला करायचा. सेक्रेटरीची नक्कल तर अशी करायचा, की खुद्द सेक्रेटरी पहिल्या रांगेत बसून पोट धरायचे. आता तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा, दिवसाकाठी चार-सहा शब्द कुजबुजायचा.

सुरुवातीला ऋजुता त्याच्याशी खूप बोलायची. भिंतीशी किती दिवस बोलणार? हळूहळू तिचंही आतलं बंद झालं. गेल्या दोन वर्षांत ती रडली नव्हती की त्याच्यावर चिडलीही नव्हती. त्याचं पथ्य, औषधं, आंघोळ, सगळं वेळच्या वेळी व्हायचं. तिला त्याच्याबद्दल काहीच वाटत नव्हतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्याइतकंही काही वाटत नव्हतं.

पन्हाळ्याच्या पायथ्याशी अशा आजारी माणसांसाठी एक आधारगृह होतं. बंगळूरच्या लेकीने, ईराने, सगळी चौकशी करून जागा धरून ठेवली होती. पंधरा तारखेपर्यंत सही करून फॉर्म द्यायचा होता. “आई, तू थकलीयेस,” ईरा फोनवर म्हणायची. “आणि बाबांना तिथे काय नि इथे काय, फरक पडतो का?”

नेमका हाच प्रश्न होता. फरक पडत असेल, तर त्याला पाठवणं पाप होतं. पडत नसेल, तर इथे ठेवणं नुसता हट्ट होता. डॉक्टर म्हणायचे की त्याची बुद्धी बरीचशी शाबूत आहे. पण डॉक्टरांनी काही त्याच्याशी लग्न केलं नव्हतं.

म्हणून आठ तारखेला ऋजुता वैद्यबुवांचं छोटं भावंड, एक मुठीएवढा कॅमेरा, घरी घेऊन आली आणि सारंगच्या खुर्चीसमोरच्या कपाटावर ठेवला.

“सारंग, हा कॅमेरा लावतेय. तुझी नाडी बघायला. चालेल ना?”

त्याने बराच वेळ घेतला. मग कुजबुजला, “मेक... अप... करू?”

“मेकअप कशाला? नाडी नुसतीच दिसते,” ती म्हणाली आणि वायर खोचायला वाकली.

स्वतःच्या मनगटावर तिने पट्टा बांधला. चार दिवस दोघांचं सगळं नोंदलं गेलं. बारा तारखेला दुपारी, प्रयोगशाळेत डबा खाता खाता, तिने रेघा उघडल्या.

तिची स्वतःची बहात्तर. सकाळ, दुपार, संध्याकाळ, त्याला भरवताना, त्याचे केस विंचरताना, सगळीकडे बहात्तर. यात काही नवल नव्हतं.

सारंगचीही दिवसभर जवळजवळ तशीच. ती समोर बसून बोलली तेव्हा जेमतेम चार-पाच ठोके वर. पण दिवसातून दोनदा मात्र ती रेघ ताडकन नव्वदच्या वर जात होती. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आणि संध्याकाळी सव्वासहाच्या आसपास. चारही दिवस.

तिने त्या वेळची चित्रं लावली. सकाळी नऊ दहाला चौकटीत सारंग होता आणि त्याची दाढी करणारी मनीषा. संध्याकाळी पुन्हा मनीषा, त्याला दूध पाजताना. मनीषा म्हणजे दिवसभर त्याच्याजवळ थांबणारी बाई, कागलची, चाळिशीची, सतत बडबडणारी. तिचं बोलणं ऐकून कुणाचंही मन खुलावं, अशी हसरी.

ऋजुताने डब्याचं झाकण लावलं. मत्सर वाटतो का, म्हणून तिने जरा वाट पाहिली. नाही वाटला. उलट सुटल्यासारखं झालं. आत माणूस होता आणि त्याला प्रेमळ हात हवा होता, एवढंच. तसे हात पन्हाळ्यालाही असतील. तिने पर्समधून फॉर्म काढला, टेबलावर सपाट केला आणि सही केली.

आता राहिली होती नोराची भानगड. इंगवले अस्वस्थ होते. “मॅडम, हिरॉईनची रेघ सपाट हाय म्हनून कसं सांगायचं त्यास्नी? थोडी वर-खाली करून दिऊया का?”

“खोटी रेघ मी देणार नाही. मला दोन दिवस द्या.”

“अहो पन हिरो बघतोय तर हिच्याकडंच की!”

ऋजुता काहीतरी उत्तर द्यायला गेली आणि थांबली. क्लेटन नोराकडे बघतोय, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? क्लोज-अपमध्ये तर तो एकटाच होता. जुन्या हॉलिवूडची पद्धत तिला पाठ होती. दोघांचं एकत्र दृश्य आधी उरकायचं, मग दिवे बदलून एकेकाचा क्लोज-अप घ्यायचा. तोवर दुसरा मोठा नट बहुधा निघून गेलेला असायचा. त्याची वाक्यं कॅमेऱ्याशेजारी उभं राहून दुसरंच कुणीतरी वाचायचं, बऱ्याचदा संहिता सांभाळणारी मुलगी. नट त्या मुलीकडे बघून प्रेमाने विरघळायचा आणि जोडकाम कात्री करायची. अठ्ठावीस वर्षं हे माहीत असलेली बाई, पडद्यावरचं जोडलेलं चित्र बघून फसली होती.

चित्रीकरणाच्या रोजच्या अहवालाच्या प्रती रिळांबरोबर आल्या होत्या. तिने त्या काढल्या. हरवल्या-सापडल्या कचेरीचं दृश्य अकरा दिवस चाललं होतं. अकराही दिवशी एकच नोंद: कुमारी विटलॉक यांना पाच दहाला सुट्टी. श्री. मार्श यांचे क्लोज-अप पाच चाळीसपासून.

म्हणजे नोरा तिथे नव्हतीच. मग क्लेटनची नाडी कुणासाठी उडी मारत होती?

त्या कापलेल्या रिळांचा आवाज शिल्लक नव्हता. पण डोळे होते. पडदाभर चेहरा असला की डोळा चांगला ताटलीएवढा दिसतो, आणि डोळ्याचं बुबुळ म्हणजे गोल आरसाच. समोर जे असेल ते त्यात पडतं. ऋजुताने क्लेटनच्या डाव्या डोळ्याची चारशे चित्रं घेतली, एकावर एक बसवली आणि वैद्यबुवांना कण खोडायला सांगितलं. तासाभराने बुबुळात दिवे उमटले. मग कॅमेऱ्याचा चौकोन. आणि त्याच्या शेजारी एक बाई. डोक्याला रुमाल बांधलेला, अंगात घरचा सैल गाऊन, हातात कागद. मान किंचित उजवीकडे कललेली, ओठ हलत होते.

ती मान ऋजुताने गेले दोन महिने रोज पाहिली होती. ती नोरा होती.

तिने दुसऱ्या दिवसाचं रीळ लावलं. नोरा. पाचव्या दिवसाचं. नोरा. अकराव्या दिवशी तिच्या खांद्यावर शाल होती, नाक पुसत होती, बहुधा सर्दी झाली असावी. सुट्टी मिळालेली, रंग उतरवून झालेला, थांबायची कुणाची सक्ती नाही. तरी ही बाई अकरा संध्याकाळी उभ्याने वाक्यं वाचत होती, कारण ती तिथे असली की समोरच्याचं काम चांगलं व्हायचं. आणि बुबुळातल्या त्या एवढ्याशा ठिपक्याच्या कपाळावरून यंत्राने जेवढी वाचता आली तेवढी नाडी वाचली होती. सत्तरच्या आसपास.

“बाई, तू पण?” ऋजुता मोठ्याने म्हणाली.

मग तिला एकदम घरच्या रेघा आठवल्या. तिने तीच चूक दोनदा केली होती. चौकटीत कोण आहे ते पाहिलं होतं, चौकटीबाहेर कोण आहे ते पाहिलं नव्हतं.

घरच्या कॅमेऱ्याला आवाज होता. तिने सकाळचं नऊ दहा पुन्हा लावलं आणि आवाज वाढवला. मनीषा दाढी करता करता कागलच्या बाजाराचं काहीतरी सांगत होती. त्याच्या मागे, दूर, दाराशी, एक कोरडा आवाज आला, तिचा स्वतःचा. “येते रे.” आणि रेघ वर गेली.

संध्याकाळचं लावलं. मनीषा दूध पाजत होती. खाली कुठेतरी लोखंडी फाटक धडकन भिंतीवर आपटलं. ऋजुताच्या एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात पिशवी असायची, म्हणून ती फाटक पायाने ढकलायची. बिल्डिंगमध्ये तसं ढकलणारी ती एकटीच. सेक्रेटरींनी त्यावरून दोनदा समज दिली होती. रेघ त्या आवाजाला उसळत होती आणि ती दोन मजले चढून आत येईपर्यंत पुन्हा खाली बसत होती. ती समोर येऊन बसायची तेव्हा त्याचं सगळं होऊन गेलेलं असायचं.

योगायोगावर तिचा विश्वास नव्हता, म्हणून तिने पडताळा घ्यायचं ठरवलं. तेरा तारखेला सकाळी ती काही न बोलता घराबाहेर पडली. चप्पल हातात घेऊन जिना उतरली, फाटक हाताने उघडलं आणि अलगद लावलं.

दुपारी प्रयोगशाळेत रेघ बघितली. नऊ दहाला काही नाही. नऊ वीसलाही नाही. मग साडेनऊपासून ती हळूहळू चढत गेली आणि दोन वाजेपर्यंत उतरलीच नाही. तिने मनीषाला फोन केला.

“काका जेवलंच न्हाईत वो ताई. दाराकडं बघत बसल्यात. मी म्हनलं, ताई कवाच गेल्या, तर मान हलवत्यात, न्हाई म्हनून. तुमी न सांगता गेलासा व्हय?”

“हो. घाईत होते.”

“असं करू नगासा. मानूस आतनं लई कावराबावरा हुतंय.”

फोन ठेवल्यावर ऋजुताला लाज वाटली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं होतं, आणि ते लाज निघालं. तिने मनगटाकडे पाहिलं. चौऱ्याहत्तर. दहा मिनिटांत पुन्हा बहात्तर झालं.

गिऱ्हाइकासाठीच्या अहवालात तिने जे सापडलं ते लिहिलं. नायकाची रेघ खरी. नायिकेची सपाट, तीही खरी. नायकाच्या रेघेचं कारण चित्रात नाही, कॅमेऱ्याशेजारी आहे. इंगवल्यांनी तो दोनदा वाचला आणि डोकं खाजवलं.

“म्हंजे त्यांच्या त्या कॉम्प्युटरातल्या हिरोसमोर कुनीतरी हुबं ऱ्हायला पायजे?”

“हो.”

“कोन ऱ्हानार?”

“ते मला माहीत नाही,” ती म्हणाली.

पंधरा तारखेला अकरा वाजता आधारगृहातून फोन आला. तिने जागा दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितलं. पाचच मिनिटांत ईराचा फोन आला.

“आई, काय चाललंय तुझं? सही केली होतीस ना?”

“केली होती.”

“मग? बाबांना पाठवायचं नाही म्हणजे... तुझं अजून प्रेम आहे त्यांच्यावर?”

ऋजुताने खरं उत्तर शोधायचा प्रयत्न केला. लेकीला खोटं सांगणं सोपं होतं आणि लेक खूशही झाली असती.

“मला काही वाटत नाही, ईरा. मी मोजून पाहिलंय. कदाचित पुन्हा कधी वाटणारही नाही.”

“मग कशाला करतेस हे? स्वतःची वाट लावून घ्यायला?”

“मनीषाची बहीण रविवारी येईल, मी झोपेन. वाट लागणार नाही. पण रोज सकाळी नऊ दहाला मी दारात असले, की त्याचं काळीज उडी मारतं. मला काही वाटलं नाही तरी मारतं. माझं तिथे असणं त्याला पुरतंय.”

“आणि तुला?”

“माझं काम आहे ते. मला जमतं.” मग तिने विचारलं, “ईरा, बाबा कॅमेरा लावताना मला ‘मेकअप करू?’ म्हणाले होते. तुला काय वाटतं?”

ईरा हसायला लागली. हसता हसता तिचा आवाज फाटला. “आई! जोक होता तो! तुला कळला नाही?”

“नाही,” ऋजुता म्हणाली. “चेहरा तसाच होता ना त्याचा.”

संध्याकाळी सव्वासहाला तिने फाटकाला नेहमीपेक्षा जोरात लाथ घातली. सेक्रेटरी गॅलरीत आले, तिने त्यांना हात केला. मग ती दोन मजले चढली, नेहमीपेक्षा भराभर, रेघ खाली बसायच्या आत. दार उघडंच होतं. सारंग खुर्चीत होता, मनीषाने दुधाचा पेला बाजूला धरला होता.

ऋजुता हेल्मेट काखेत धरून त्याच्यासमोर उभी राहिली, कपाटाला टेकून, कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी.

“सारंग, मेकअपचं विचारलं होतंस ना परवा. नको करू. सेक्रेटरीची नक्कल करायला हाच चेहरा बरा आहे.”

त्याचा चेहरा हलला नाही. तिने वाट पाहिली. बऱ्याच वेळाने त्याच्या घशातून हवा निघाली, तुटक, तीनदा. मनीषा घाबरून पुढे झाली. “काका, ठसका लागला व्हय?”

“नाही,” ऋजुता म्हणाली. “हसतोय तो.”

तिने मनगटाकडे बघितलं. बहात्तर. तिने पट्टा सोडून कपाटावर ठेवला, पेला मनीषाच्या हातून घेतला आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.